दुकानातला गेम घरच्या टीव्हीवर: कोणता नीट उतरला, कोणता नाही?

खाडीकाठचा

गणपतीला मुंबईहून आलेला पुतण्या परत जाताना त्याचं जुनं प्लेस्टेशन ४ इथंच ठेवून गेला. त्यात कॅपकॉम कंपनीचा २०१८ सालचा बीट एम अप बंडल आहे, मारामारीच्या सात गेमांचा. पहिला उघडला तो फायनल फाइट. दुसऱ्याच मिनिटाला मी खुर्चीवरून उठलो. गाय नावाचा हिरो आहे! दोघांना एकत्र खेळता येतंय! आणि एका वेळी अंगावर येणारे गुंड मोजायला गेलो तर मोजून होईपर्यंत मेलो.

एवढं उठून उभं राहण्यासारखं काय, ते सांगतो. आठवीत असताना मिरकरवाड्यातल्या माझ्या मित्राच्या वडिलांनी कुवेतहून सुपर निन्टेन्डो आणला. सोबत फायनल फाइटची कॅसेट. (आपण सगळे कॅसेटच म्हणायचो. कार्ट्रिज हा शब्द मी पुष्कळ वर्षांनी ऐकला.) स्टँडामागच्या दुकानात रुपयाला एक कॉइन टाकून जो गेम खेळायचो तोच आता घरात, हवा तितका वेळ. शाळा सुटली की दप्तरासकट त्याच्या घरी. आणि तिथं कळलं की एकानं खेळायचं आणि दुसऱ्यानं बघायचं. दोन खेळाडूंची सोयच नाही. गाय नाही, फक्त कोडी आणि हॅगर. कारखान्याची चौथी लेव्हल नाही, त्यामुळे तिथला रोलेंटो बॉसही नाही. पडद्यावर एका वेळी तीनच गुंड. आम्हाला वाटलं कॅसेट नकली आहे. मित्राचे वडील तर इतके खट्टू झाले की पुढच्या सुट्टीत बदलून आणतो म्हणाले.

कॅसेट अस्सल होती. १९८९चा आर्केड गेम (म्हणजे दुकानातल्या मशीनचा) १९९०च्या अखेरीस सुपर निन्टेन्डोवर आला तोच एवढा कापून.

याच्या उलट स्ट्रीट फायटर २. दुकानात १९९१, घरी १९९२. आर्केडचा पडदा ३८४ ठिपके रुंद, सुपर निन्टेन्डोवर तेच २५६मध्ये बसवलेलं. आवाज बसका. शेजारी शेजारी ठेवलं तर डोळ्याला दहा फरक दिसतील. पण खाली, तिरकं, पुढे, बुक्का केलं की हाडोकेन, म्हणजे हातातून सुटणारा गोळा, निघतो तो दुकानात निघायचा तसाच, त्याच क्षणाला. सहा बटणांचा गेम होता आणि त्या रिमोटलाही सहा बटणं होती. चार वर, दोन खांद्यावर. दुकानात शिकलेलं घरी चाललं, घरी शिकलेलं दुकानात चाललं. सुट्टीत घरी गिरवलेला ड्रॅगन पंच मी स्टँडामागच्या दुकानात मोठ्या मुलांवर वापरला आहे, आणि तो लागला आहे.

म्हणून माझं मत: पोर्ट, म्हणजे दुकानातून घरच्या मशीनवर उतरवलेला गेम, हातानं तपासायचा, डोळ्यानं नाही. दुकानातल्या खेळाची सवय लागलेल्या हाताला घरी फसल्यासारखं वाटलं की पोर्ट वाईट. चित्र थोडं इकडेतिकडे झालं तर चालतं.

तुमचे अनुभव लिहा. कोणता गेम, कोणत्या मशीनवर, आणि नेमकं काय गेलं किंवा राहिलं.

परळ_ते_पावस

पहिला नंबर माझा! टेकन ३.

आर्केडला १९९७, प्लेस्टेशनवर १९९८. यात एक गंमत आहे. नामको कंपनीचं सिस्टिम १२ बोर्ड (दुकानातल्या मशीनच्या आतलं सर्किट) मुळात प्लेस्टेशनच्याच धर्तीवर केलेलं, फक्त प्रोसेसर जास्त वेगाचा. म्हणजे घरी आणताना परक्या घरात नाही, चुलत भावाच्या घरात आणायचं होतं. मागची दृश्यं त्यांनी सपाट केली, खोली गेली. पण हालचाल जशीच्या तशी, आणि वर टेकन फोर्स, टेकन बॉल हे खेळायचे प्रकार आणि गॉन हा खेळाडू, हे सगळं जास्तीचं दिलं.

सोल कॅलिबरचं तर उलटंच झालं. १९९८च्या आर्केडपेक्षा १९९९चा सेगाच्या ड्रीमकास्टवरचा चांगला दिसतो. बोर्ड जुन्या जातीचं, घरचं मशीन नवीन.

आणि फसलेल्यात डेटोना यूएसए. आर्केडला सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं, सेगाच्या घरच्या सॅटर्न मशीनवर २०. समोरचा डोंगर गाडी जवळ गेल्यावर तुकड्यातुकड्यानं उगवतो. वळण दिसेपर्यंत वळण संपलेलं असतं. हाताचा मुद्दा इथं शंभर टक्के पटतो.

मोगरी

रुमाल टाकून ठेवते. रात्री सविस्तर वाचेन.

बकुळ

धागा आवडला, पण खाडीकाठचा, तुमच्या मोजपट्टीत मी बसत नाही, म्हणून लिहिते.

आमच्या सावंतवाडीत तेव्हा व्हिडिओ गेमच्या दुकानात मुली जायच्या नाहीत. कुणी पाटी लावलेली नव्हती. पण जायच्या नाहीत. माझा भाऊ आत जायचा आणि मी बाहेर त्याची सायकल धरून उभी राहायचे. दाराला जुन्या साडीचा पडदा होता. तो हलला की आतला निळा उजेड दिसायचा आणि मुलांच्या पाठी दिसायच्या. पडदा सोडून दुसरं काही दिसलं नाही कधी. आवाज मात्र सगळे पाठ होते. भाऊ बाहेर आला की मी त्याला सांगायचे, तू आता मेलास, मी ऐकलं.

मग बाबांनी कुडाळहून घरी आणला तो लाल-पांढरा डबा, निन्टेन्डोच्या फॅमिकॉम मशीनची नक्कल. कॅसेटवर हजारो गेम लिहिलेले आणि आत तेच वीस-पंचवीस पुन्हा पुन्हा. डाँकी काँग, रोड फायटर, १९४२, काँट्रा. हाताला लागलेलं पहिलं जे काही ते हेच. त्यामुळे दुकानातलं खरं आणि घरचं त्याची नक्कल, असं माझ्या बाबतीत झालंच नाही.

डाँकी काँगच्या तीन लेव्हल मी झोपेतही खेळेन. चौथी आहे हे मला वयाच्या तिसाव्या वर्षी कळलं! सिमेंटच्या घमेल्यांची, सरकत्या पट्ट्यांची, ५० मीटरची. १९८१च्या आर्केडला ती आहे, १९८३च्या फॅमिकॉमला नाही. सगळा गेम २४ केबीत बसवला होता, म्हणे. त्या दिवशी मला राग आला नाही, फार वेगळं वाटलं. जन्मापासून राहत असलेल्या घरात कुणीतरी भिंतीमागे आणखी एक खोली दाखवावी तसं.

आणि काँट्राबद्दल तर मी भांडायला तयार आहे. २०१९चा काँट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन घेतला. त्यात १९८७चा आर्केडचा आहे आणि १९८८चा घरचा पण. दोन्ही लागोपाठ खेळले. आर्केडचा पडदा उभा, त्यामुळे पुढून काय येतंय ते कमी दिसतं. घरच्याला आठ स्वच्छ टप्पे, बर्फाचं वेगळं, कारखान्याचं वेगळं. उडी घेताना हवेत दिशा बदलते ती बोटाला कळते. नक्कल मुळापेक्षा सरस होऊ शकते, हे एवढं तरी मान्य करा.

खाडीकाठचा

बकुळताई, काँट्रा मान्य. बिनशर्त मान्य.

सायकलचं वाचून मात्र थांबलो. आमच्या दुकानातही मुलगी पाहिल्याचं आठवत नाही, आणि हे आज तुम्ही लिहीपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

नाखवा

माका ह्या धाग्यार मुस्तफाचा नाव अजून कसा इला नाय ह्याचाच आश्चर्य वाटता. मालवणात आमच्या थंय एक दुकान होता, तीन मशिनींचा. दोन मशिनी रिकामी आसली तरी चलात, पण मुस्तफाच्या मशिनीर रांग. तिघांनी एकदम खेळूचा. खरा नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स ह्या माका कॉलेजात गेल्यार कळला. आमका फकस्त पिवळी टोपी म्हायत. धावत जावन लाथ घातली की चार जण आडवे.

आता लेकाक दाखवूचो आसा. तेचो पोर्ट खंयच्या मशिनीर बरो, सांगा.

परळ_ते_पावस

नाखवा, वाईट वाटतं सांगताना. कुठल्याच नाही.

१९९३चा गेम, कॅपकॉमचा, आणि आजतागायत एकाही घरच्या मशीनवर आलेला नाही. १९९४ला सेगा सीडीवर त्याच नावाचा एक आला, पण तो वेगळाच, गाडी चालवत गोळ्या झाडायचा. वर लिहिलेल्या सात गेमांच्या बंडलमध्येही हा नाही. मूळ गोष्ट मार्क शुल्ट्झ यांच्या झेनोझोइक टेल्स या कॉमिकची. दुसऱ्याच्या गोष्टीवर केलेला गेम पुन्हा विकायचा म्हणजे हक्कांची बोलणी पुन्हा करायची. फायनल फाइट कॅपकॉमचा स्वतःचा, म्हणून तो दर दोन-चार वर्षांनी कुठेतरी येतो.

म्हणजे कोकणात, खरं तर सगळ्या महाराष्ट्रात, ज्या एका गेमावर सगळ्यात जास्त नाणी गेली असतील तोच घरी आला नाही.

नाखवा

अरे देवा.

सोल्डर

उशिरा आलो. चिपळूणला टीव्ही आणि साउंड सिस्टिम दुरुस्तीचं काम करतो. ९६ ते २००४ या काळात इथल्या आणि गुहागर-खेडकडच्या दुकानांची गेमची मशीनंही माझ्याकडेच यायची. मुस्तफाची किमान सहा बोर्डं हातून गेलीत. त्यावरून एक गोष्ट सांगायची आहे, कदाचित काहींना आवडणार नाही.

तुम्ही सगळे "मूळ" म्हणताय ते दुकानातलं मशीन. पण आपल्याकडच्या दुकानात जे लागलेलं असायचं ते बहुतेक वेळा अस्सल बोर्ड नव्हतंच. नक्कल केलेलं बोर्ड असायचं. अस्सल मुस्तफाच्या बोर्डात क्यूसाउंड नावाची आवाजाची पद्धत आहे, आणि आवाज सांभाळणाऱ्या प्रोसेसरचा प्रोग्राम कुलूपबंद असतो. त्या कुलपाची किल्ली एका छोट्या बॅटरीवर जिवंत राहते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड मुकं होतं. नक्कल करणाऱ्यांनी ती भानगडच काढून टाकली आणि आवाजासाठी साधी, स्वस्त सोय केली. म्हणून आपल्या दुकानातला मुस्तफा बोर्ड वर्षानुवर्षं टिकला, पण त्याचं संगीत तुटक होतं आणि काही आवाज तर नव्हतेच. पहिल्यांदा अस्सलचं रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी नवीन संगीत चढवलंय.

स्ट्रीट फायटरचंही तसंच. हवेत उडी मारून गोळे फेकायचे, एकाला चार निघायचे, खेळता खेळता स्टार्ट दाबून माणूस बदलायचा, हे आठवतंय ना? ते कॅपकॉमनं केलेलंच नाही. ती कुणीतरी फेरफार केलेली आवृत्ती. ती खेळून घरी सुपर निन्टेन्डो लावणाऱ्याला वाटणार, "ह्यात गोळे हवेत निघत नाहीत, पोर्ट भंगार आहे." वास्तविक घरचाच कंपनीच्या गेमाच्या जास्त जवळचा.

आणि हाताबद्दल म्हणाल तर दुकानाच्या स्टिकमधली पत्ती खाऱ्या हवेनं सहा महिन्यांत हिरवी पडायची. बोर्डाच्या कडेला जो ५६ पिनांचा कनेक्टर असतो, जामा नावाच्या ठरलेल्या पद्धतीचा, तो मी खोडरबरानं घासायचो. शाळेचा साधा पांढरा खोडरबर. घासला की महिनाभर बटणं बरोबर लागायची, मग पुन्हा एक सोडून एक. तुमचा हात ज्या मशीनवर तयार झाला त्या मशीनचं तिसरं बटण अर्धमेलं असेल, तर हात ते धरूनच शिकला.

घरच्या मशीनवाल्यांचं काम किती अवघड होतं तेही लक्षात घ्या. अटारी २६०० या घरच्या मशीनवर १९८२ला पॅकमॅन आणला तेव्हा त्या मशीनला १२८ बाइट मेमरी. केबी नाही, बाइट. पडद्यावर खेळाडूसारखी हलती चित्रं काढायची सोय दोनच. पॅकमॅन एक आणि भुतं चार. मग एका फ्रेमला एकच भूत काढायचं, पुढच्या फ्रेमला दुसरं. प्रत्येक भूत सेकंदाला पंधराच वेळा दिसणार, म्हणून ती लुकलुकतात. लोकांनी शिव्या घातल्या, चार केबीच्या कॅसेटमध्ये घाईनं केलेलं काम म्हणून. मला मात्र सर्किट बघणारा माणूस म्हणून त्यात माणसाची धडपड दिसते.

खाडीकाठचा

सोल्डरदादा, तुमचा प्रतिसाद चारदा वाचला.

मी ज्याला कसोटी म्हणून धरून बसलो होतो ते दुकानच जर नक्कल असेल, तर माझ्या पहिल्या पोस्टमधलं निम्मं विधान मागं घ्यायला हवं. स्टँडामागच्या दुकानात हवेत गोळे निघायचे, अगदी बरोबर. मला वाटायचं ती नवीन आवृत्ती.

पण हाताचा मुद्दा मी सोडत नाही. तुमचं खोडरबराचं उदाहरण उलट माझ्याच बाजूनं आहे.

बकुळ

हाताबद्दल माझाही एक शोध आहे, दादांच्या उत्तरावरून आठवला.

काँट्राचं ते कलेक्शन घेतलं तेव्हा पहिले दोन दिवस मी पहिल्याच पुलावर पडत होते. मी, जी लहानपणी तीस लाइफचा कोड न घालता शेवटापर्यंत जायची. वाटलं वय झालं. मग भावानं सांगितलं. आपला टीव्ही पॅल पद्धतीचा, सेकंदाला ५० वेळा चित्र. गेम केलेले जपान-अमेरिकेच्या टीव्हीसाठी, ६० वेळा. आणि हे गेम चित्र मोजून पाऊल टाकतात. पॅल टीव्हीला जुळवलेल्या त्या नकली डब्यांवर ६० पावलांना सेकंदाऐवजी सव्वा सेकंद लागायला आला. म्हणजे आपण लहानपणी जो काँट्रा, जो मारिओ खेळलो तो एक षष्ठांश हळू होता. संगीतसुद्धा.

मी तेव्हा ते गाणं गुणगुणायचे ना, ते पण हळूच गुणगुणायचे. अजूनही तोंडात तीच लय येते.

पंधरा दिवस लागले हात नव्या वेगाला यायला. आता येतो. पण आईच्या माळ्यावरचा डबा लावला (जुना टीव्ही आहे अजून, फक्त त्यासाठी ठेवलाय) की अंगात एकदम ढिलेपणा येतो. सावंतवाडीत मे महिन्यात दुपारी येतो तसा.

परळ_ते_पावस

मग आता वाद कशाला उरतो? १९९७पासून मेम आहे, जुनी मशीनं संगणकावर चालवणारा प्रोग्राम. बोर्डातला प्रोग्राम जसाच्या तसा चालतो. हॅम्स्टर या जपानी कंपनीचे आर्केड आर्काइव्हज २०१४पासून अधिकृतपणे तेच काम करतात, एकेक गेम निवडून. कापाकापी नाही, पडदा आडवा-उभा फिरवायची सोय, सगळं आहे. पोर्टचा जमाना संपला.

खाडीकाठचा

प्रोग्राम तोच, पण टीव्ही? माझ्या टीव्हीवर बटण दाबल्यापासून हॅगरचा हात उठेपर्यंत मधे काहीतरी अडकल्यासारखं होतं. मुलानं मोबाइलवर स्लो मोशनमध्ये बटण आणि पडदा एका चौकटीत धरून चित्रीकरण केलं. अंगठा खाली गेलेला स्पष्ट दिसतो, आणि पडद्यावर हॅगर अजून तसाच उभा. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड सापडला, तो लावून पुन्हा धरलं. उशीर जवळजवळ निम्म्यावर आला. टीव्ही चित्र गोड करायला स्वतःशी वेळ खात होता! ज्यांना नवीन टीव्हीवर जुने गेम "जड" वाटतात त्यांनी आधी हे बघा, मग पोर्टला दोष द्या.

पडदा उभा करण्याबद्दल: मुलानं खरंच त्याचा मॉनिटर कुशीवर उभा करून पॅकमॅन लावला. घरी मी आयुष्यभर चेपलेला चक्रव्यूह बघत आलो होतो. उभा बघितल्यावर मधला बोगदा आणि खालचा कोपरा यांतलं अंतर खरं किती आहे ते समजलं.

सोल्डर

नाखवांसाठी.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी दुकानात आलं तेव्हा खालचं सगळं गेलं. तीन कॅबिनेट होती, प्लाय फुगून उलगडलं. दोन दिवस चिखल काढत होतो. बोर्डं मात्र माळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत होती. काल हा धागा वाचून डबे उतरवले. मुस्तफाची दोन बोर्डं निघाली. एकावर बुरशी. दुसऱ्याचा कनेक्टर घासला, बावीस इंची जुना ट्यूबचा टीव्ही जोडला. पहिल्यांदा नुसत्या रंगीत रेघा. रॅम बसवून पुन्हा दाबली, आणि चित्र आलं.

आवाज तोच, तुटका.

लेकाला घेऊन या. मांडवी एक्स्प्रेसनं येत असाल तर मी स्टेशनवर घ्यायला येतो.

नाखवा

येतंय. पुढच्या रविवारी. तिकीट काढून झाला.

बकुळ

दादा, मी पण आले तर चालेल?

सोल्डर

विचारायचं काय त्यात. या.

बकुळ

काल जाऊन आले. खाडीकाठचा पण आले होते, मुलाला घेऊन.

दादांनी स्टिक लाकडी खोक्यावर बसवली आहे. पहिल्यांदा धरली तेव्हा मी अंगठ्यानं धरायला गेले, रिमोटसारखी. नाखवांचा लेक म्हणाला, "काकी, पंज्यान धरा." पंजानं धरली. ती जड असते हे मला माहीत नव्हतं. परत मधे येताना टक् करते, आणि तो टक् आवाज मी ओळखला. साडीच्या पडद्याआडून यायचा तो. मला वाटायचं तो गेमचा आवाज आहे.

हाना घेतली. नाखवांनी मुस्तफा, त्यांच्या लेकानं जॅक. दुसऱ्या बॉसला, त्या खाटकाला, तीनदा मेले. प्रत्येक वेळी दादांनी मागे हात घालून क्रेडिटची तार चिकटवून दिली.

नाखवा

लेक आता पिवळी टोपी मागता.

खाडीकाठचा

सोल्डरदादा, दुसऱ्या डब्यात फायनल फाइटचं बोर्ड आहे का तेवढं बघा. माझा मिरकरवाड्यातला मित्र दिवाळीला कुवेतहून येतोय. आम्ही दोघं तो गेम घरात एकत्र कधी खेळलो नाही.